गोठलेल्या तळ्यावर रेस मारायचीय? सगळ्यात फास्ट स्नोमोबाईल निवडण्याआधी हे वाचा

मिनेसोटा, विस्कॉन्सिन, ऑन्टॅरियो वगैरे भागात राहायला आलेल्या आपल्या मराठी मंडळींपैकी बऱ्याच जणांना दोन-तीन हिवाळे झाले की स्नोमोबाईलचं वेड लागतं, आणि मग पहिला प्रश्न ठरलेला असतो, सगळ्यात फास्ट कुठली? मीही इथूनच सुरुवात केली होती. डीलर एक सांगतो, तळ्यावर भेटलेला माणूस दुसरंच सांगतो, प्रत्येकाला स्वतःच्या गॅरेजमधलीच स्लेड भारी वाटते, आणि नव्या माणसाला त्यातलं खरं काय ते कळत नाही. म्हणून स्वतः चालवून, बिघडवून, दुरुस्त करून आणि रेसला उतरून जे कळलं ते ओळीने लिहितोय. (इथे स्नोमोबाईलला सगळे स्लेडच म्हणतात, मीही तेच म्हणणार.)

एक आधीच सांगतो. हे सगळं सपाट, गोठलेल्या तळ्यांपुरतं आहे. डोंगरात भुसभुशीत बर्फात चालवायच्या स्लेडचं गणित पूर्ण वेगळं असतं, तिकडची टॉपची स्लेड तळ्यावर आणलीत तर वेग आणि पैसा दोन्ही वाया.

१. आधी रेस ठरवा, स्लेड नंतर

हे उलटं करणारे सगळ्यात जास्त पस्तावतात. तळ्यावरची रेस म्हणजे एकच प्रकार नाही.

ड्रॅग रेसमध्ये दोन स्लेड शेजारी उभ्या, हिरवा दिवा लागला की सुटायचं, अंतर साधारण ५०० फूट, ६६० फूट नाहीतर १००० फूट. इथे पहिल्या दोन सेकंदांत स्लेडखालचा रबरी पट्टा (ट्रॅक) बर्फाला किती चावतो त्यावर निम्मं काम होतं.

रडार रनमध्ये तुम्ही एकटे, लांबलचक साफ केलेली पट्टी, शेवटी रडार लावलेला, जास्तीत जास्त वेग किती निघतो एवढंच बघायचं. "सगळ्यात फास्ट" हा प्रश्न खऱ्या अर्थाने इथेच लागू पडतो.

ओव्हल म्हणजे बर्फाचा गोल ट्रॅक. विस्कॉन्सिनमधल्या ईगल रिव्हरची वर्ल्ड चॅम्पियनशिप डर्बी यातली सगळ्यात मानाची, १९६४ ला ती तिथल्या डॉलर लेकवर सुरू झाली आणि आता खास बनवलेल्या अर्ध्या मैलाच्या ट्रॅकवर होते. मिशिगनच्या सू सेंट मारीला १९६९ पासून आय-५०० होते, एक मैलाचा ओव्हल आणि अंतर ५०० मैल, म्हणजे पाचशे फेऱ्या.

क्रॉस कंट्रीमध्ये तळं, रस्त्याकडेचे चर, शेतं असं सगळं येतं. मिनेसोटाच्या उत्तरेला पाइन लेक आणि लेक ऑफ द वूड्सच्या काठावरचं वॉररोड, हा या रेसचा बालेकिल्ला.

आता मुद्दा असा की ओव्हल आणि क्रॉस कंट्रीच्या मोठ्या क्लासमध्ये इंजिनाच्या साइजवर मर्यादा असते. क्रॉस कंट्रीच्या प्रो क्लासात ६०० सीसीच्या रेस स्लेड पळतात, ईगल रिव्हरच्या मुख्य क्लासात तर ४४० सीसीच्या खास बांधलेल्या स्लेड. म्हणजे शोरूममधली सगळ्यात पॉवरफुल टर्बो घेऊन तुम्ही त्या क्लासात उतरूच शकत नाही! त्यामुळे स्लेड घ्यायच्या आधी ज्या रेसला जायचंय तिचं रूलबुक उतरवून घ्या आणि क्लासची पानं नीट वाचा.

नव्या माणसाला माझा सल्ला विचाराल तर पहिल्या सीझनला लोकल क्लबच्या ड्रॅग नाहीतर रडार रनमध्ये स्टॉक क्लासात (कंपनीने दिलेल्या, काही न बदललेल्या स्लेडच्या गटात) उतरा. सरळ रेषेत जायचं असतं, बाजूला गर्दी नसते, आणि स्लेड नेमकी कशी वागते ते कळतं. पुढचं सगळं या दोन प्रकारांना धरूनच लिहिलंय.

२. फास्ट स्लेडची तुलना

यामाहा साइडवाइंडर एसआरएक्स आणि आर्क्टिक कॅट थंडरकॅट. या दोन्हीत इंजिन एकच, यामाहाचं ९९८ सीसी, तीन सिलिंडर, फोर-स्ट्रोक, टर्बो. दोन्ही बनायच्याही एकाच ठिकाणी, मिनेसोटातल्या थीफ रिव्हर फॉल्सच्या आर्क्टिक कॅटच्या कारखान्यात. २०१७ च्या मॉडेलपासून हे इंजिन आलं आणि तेव्हापासून लांब तळ्यावर त्याचंच राज्य आहे. कंपनी १८० एचपीच्या गटातलं म्हणते पण डायनोवर (पॉवर मोजायच्या यंत्रावर) दोनशेच्या वर आकडे दिसतात. चांगला बर्फ, लांब पट्टी आणि काही न बदललेली स्लेड असेल तर ताशी ११० ते १२० मैलांच्या मध्ये कुठेतरी रडार थांबतो, म्हणजे साधारण १७७ ते १९३ किलोमीटर. दोघींतला मोठा फरक क्लचचा, यामाहा स्वतःचे क्लच लावायची, आर्क्टिक कॅट 'टीम' नावाच्या कंपनीचे, त्यामुळे एका स्लेडचं क्लच सेटिंग दुसरीला जसंच्या तसं चालत नाही. नव्या मुलांकडून ही चूक खूप होते, इंजिन एक म्हणून वजनं आणि स्प्रिंग उसने आणतात आणि मग आरपीएम कुठल्या कुठे जातात.

अडचण अशी की यामाहाने २०२३ मध्येच स्नोमोबाईलच्या धंद्यातून बाहेर पडतोय असं जाहीर केलं, उत्तर अमेरिकेत २०२५ चं मॉडेल शेवटचं. आर्क्टिक कॅटही टेक्स्ट्रॉनच्या हातातून २०२५ मध्ये नव्या मालकांकडे गेली. त्यामुळे ९९८ हवी असेल तर बहुतेकांना सेकंड हँडच बघावी लागेल.

स्की-डू माक झेड, ९०० एस टर्बो आर. ८९९ सीसी, हेही तीन सिलिंडरचं फोर-स्ट्रोक टर्बो, १८० एचपी. मूळची क्विबेकमधल्या व्हाल्कूरची कंपनी, डीलर सगळीकडे. इंजिन भयंकर गुळगुळीत चालतं आणि दिवसभर चालवलं तरी कुरकुर नाही. लांब पट्टीवर मात्र ९९८ हिच्या पुढे निघते, निदान मी जेवढं बघितलंय त्यात तरी. पण नवी स्लेड, वॉरंटी आणि जवळ सर्व्हिस हवी असेल तर मी हिच्याकडेच बोट दाखवेन.

स्की-डू एमएक्सझेड ८५० ई-टेक टर्बो आर. दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, ८४९ सीसी, १८० एचपी, आणि टर्बो थेट कंपनीतूनच बसवलेला. ९९८ पेक्षा शंभर पाउंडांहून जास्त हलकी. पहिल्या काहीशे फुटांत ही फोर-स्ट्रोकवाल्यांना घाम फोडते, ५०० फुटी ड्रॅगला तर मी डोळे झाकून हीच घेईन. १००० फुटांच्या पुढे चित्र पालटायला लागतं.

पोलारिस इंडी व्हीआर१, पॅट्रियट बूस्ट. मिनेसोटाचीच कंपनी, रोझो गावची. हीसुद्धा टू-स्ट्रोक टर्बो. पोलारिस एचपीचा आकडा छापत नाही त्यामुळे कागदावर तुलना करताच येत नाही, बर्फावर करावी लागते. हँडलिंग मला हिचं सगळ्यात आवडतं, उबडखाबड तळ्यावर जिथे बाकीचे थ्रॉटल सोडतात तिथे ही धरून ठेवता येते.

टर्बो नसलेल्या ८५० (स्की-डूची १६५ एचपीची आहे) अजिबात कमी नाहीत. टू-स्ट्रोकला टर्बो आला तोच मुळात डोंगरासाठी, उंचावर हवा विरळ होते आणि साधं इंजिन दर हजार फुटांना साधारण तीन टक्के पॉवर गमावतं, ती भरून काढायला. मिनेसोटातली बरीचशी तळी हजार-तेराशे फुटांच्या आसपास, इथे तो फायदा तेवढा मिळत नाही. बजेट कमी असेल तर टर्बो नसलेली ८५० घ्या आणि उरलेले पैसे ट्रॅक-स्टड-क्लचवर घाला, पहिल्या वर्षी त्याने जास्त फरक पडेल.

३. वेगाचा आकडा कुणाचा, ते विचारा

तळ्यावर कुणी म्हणालं की माझी १३० जाते, तर पहिला प्रश्न विचारायचा, कशावर बघितलं? स्लेडचा डॅश पट्ट्याचा वेग दाखवतो, स्लेडचा नाही. बर्फावर पट्टा घसरतोच, त्यामुळे डॅशवर आठ-दहा मैल जास्त दिसणं रोजचंच. जीपीएस नाहीतर रडारचा आकडाच धरायचा.

दोन स्लेडची तुलना करायची तर त्याच दिवशी, त्याच पट्टीवर, दोन्ही दिशांनी करा. वारा पाठीवर असला की साधी स्लेड पण हिरो होते. थंडीचाही फरक पडतो, उणे वीसला हवा दाट असते आणि इंजिनाला जास्त ऑक्सिजन मिळतो, तीच स्लेड शून्याच्या आसपास मंद वाटते. चालवणाऱ्याचं वजन पण बघा, साठ किलोच्या पोराचा आणि शंभर किलोच्या माणसाचा निकाल एकत्र ठेवून काही कळत नाही.

आणि इंजिन स्टॉक आहे का ट्यून केलेलं ते विचारा. ९९८ टर्बोचं सॉफ्टवेअर बदलून २४०-३०० एचपी काढणारे भरपूर आहेत. त्यांच्याशी स्वतःच्या स्टॉक स्लेडची तुलना करून निराश होऊ नका.

४. ट्रॅक, स्टड, कार्बाईड: पॉवर बर्फात उतरते ती इथून

१८० एचपी असो नाहीतर २४०, रबराचा पट्टा काचेसारख्या बर्फावर नुसता फिरत राहतो. म्हणून पट्ट्यात कार्बाईडचं (अतिशय कठीण असतं ते) टोक असलेले स्टड, म्हणजे खिळे मारतात.

तळ्यासाठी पट्ट्याच्या रबरी दातांची उंची कमी हवी, १ इंच ते सव्वा इंच. उंच दात बर्फावर वाकतात आणि वेग खातात. लांबी १२९ नाहीतर १३७ इंच. मला १३७ जास्त आवडतो, पूर्ण वेगात सरळ जातो आणि स्टड मारायला जागा मिळते.

स्टड किती? जुने लोक सांगतात एचपीला एक स्टड, तो अंदाज वाईट नाही, पण स्टॉक क्लासात किती आणि केवढे चालतात ते रूलबुकमध्ये आधी बघा. ट्रेलवर आणि तळ्यावर दोन्हीकडे फिरवायची असेल तर ९६ पासून सुरू करतात, तळ्यावरच्या रेसला १४४ आणि वर. इथे दोन गोष्टी लोक हमखास विसरतात. एक, टनेल प्रोटेक्टर (टनेल म्हणजे पट्ट्याच्या वरचा स्लेडचा पन्हाळीसारखा सांगाडा). ते न लावता लांब स्टड मारले की पूर्ण वेगात पट्टा फुगतो आणि स्टड वरच्या कूलरला घासून भोक पाडतात, कूलंट सगळं तळ्यावर. दोन, पुढच्या स्कीखालचे कार्बाईड रनर, म्हणजे वळताना बर्फ पकडणाऱ्या सळया. मागे भरपूर स्टड आणि पुढे गुळगुळीत झालेला रनर असेल तर हँडल वळवलं तरी स्लेड सरळच जाते, मागचा पट्टा पुढच्या स्कीला ढकलत राहतो. १४४ स्टड मारणार असाल तर पुढेही त्या मानाने लांब कार्बाईड घ्याच, त्या दोन्हीची खरेदी एकत्रच करायची.

मिनेसोटात डांबरी स्टेट ट्रेलवर स्टड चालत नाहीत हे लक्षात ठेवा, तळ्यापर्यंत चालवत जायचा विचार असेल तर रस्ता आधी बघून घ्या.

५. उष्णता: तळ्यावर स्लेड इथे हरते

हे मी जरा जास्त लिहिणार आहे कारण डीलर हे नीट सांगत नाही आणि निम्म्या स्लेड यातच मार खातात.

बाहेर उणे पंचवीस, मग इंजिन गरम कसं होईल असं कुणालाही वाटेल. पण स्लेडला कारसारखा पुढे मोठा रेडिएटर नसतो, कूलर असतात टनेलच्या खाली, पट्ट्याच्या वर. पट्टा फिरताना जो भुसभुशीत बर्फ वर उडतो तो कूलरवर आदळतो आणि वितळताना उष्णता घेऊन जातो. आता तळ्यावर वाऱ्याने बर्फ उडून गेलेला, खाली नुसती कडक काच. उडायला काही नाहीच! कूलंटचा आकडा चढायला लागतो, थोड्या वेळाने इंजिन स्वतःच पॉवर कमी करतं, आणि तुम्ही म्हणता स्लेड बिघडली.

दुसरी जागा हायफॅक्स. पट्टा ज्या रेलवरून सरकतो तिच्याखाली प्लॅस्टिकची लांब पट्टी असते ती. तिलाही बर्फाचंच वंगण लागतं. कोरड्या काचेवर शंभरच्या वेगात एक लांब रन मारा आणि थांबून खाली वाका, जळक्या प्लॅस्टिकचा वास येतो, पट्ट्याच्या लोखंडी क्लिपांवर काळपट थर दिसतो. तसंच उभं करून चहा प्यायला गेलात तर ते वितळलेलं प्लॅस्टिक क्लिपांना चिकटून घट्ट होतं आणि परत आल्यावर पट्टा हलत नाही. अशा वेळी थ्रॉटल देऊन सोडवायचा प्रयत्न केला की क्लचमधला बेल्टच जळतो. मागून स्लेड उचलायची, पट्टा हाताने सोडवायचा, मगच इंजिन सुरू करायचं.

उपाय महाग नाहीत. आइस स्क्रॅचर लावा, स्प्रिंगसारख्या दोन सळया असतात, त्या बर्फ खरवडून चुरा हायफॅक्स आणि कूलरवर उडवतात. शंभरेक डॉलरच्या आतबाहेर काम होतं आणि तळ्यावर जाणाऱ्याने हे पहिलं घ्यावं असं माझं ठाम मत आहे. रेलवर जादा चाकं बसवता येतात, त्याने भार हायफॅक्सवरून चाकांवर जातो, घर्षण कमी होतं, वर एक-दोन मैल वेगही मिळतो. हायफॅक्सवर झिजेची खूण असते, तिथपर्यंत आली की बदला, सीझन काढू म्हणू नका. आणि दोन रनच्या मध्ये स्लेड काचेवर उभी न ठेवता जिथे बर्फ साचलाय तिथे हळू फिरवून आणा.

टू-स्ट्रोकवाल्यांनी अजून एक सांभाळायचं. लांब पट्टीवर थ्रॉटल शेवटपर्यंत दाबून धरलं की पिस्टनची उष्णता झपाट्याने वाढते. पेट्रोल हलकं असेल तर नॉकिंग होऊन पिस्टन जातो. ९१ ऑक्टेनच घाला. मिनेसोटात इथेनॉल नसलेलं ९१ बऱ्याच पंपांवर स्नोमोबाईल, बोटी वगैरेंसाठी मिळतं, मी तेच वापरतो. फोर-स्ट्रोक टर्बो लांब रनला का बऱ्या पडतात त्याचंही कारण हेच, ती इंजिनं बराच वेळ पूर्ण लोड सहन करतात.

६. क्लच, बेल्ट आणि गिअर

स्लेडला कारसारखे गिअर बदलावे लागत नाहीत, पुढचा आणि मागचा क्लच आणि मध्ये रबरी बेल्ट. पूर्ण थ्रॉटलला आरपीएम कंपनीने सांगितलेल्या आकड्यावर टिकतात का एवढं आधी बघा. कमी राहत असतील तर क्लचची वजनं जड आहेत, वर जात असतील तर हलकी. फक्त एवढं नीट केलं तरी बऱ्याच स्लेड दोन-चार मैलांनी सुधारतात.

रन झाल्यावर इंजिन बंद करा, किल्ली काढा, साइड पॅनल उघडा आणि मागच्या क्लचवर तळवा ठेवून बघा. हात चार-पाच सेकंद ठेवता आला तर ठीक, चटका बसला तर बेल्ट घसरतोय, सेटिंग चुकलंय किंवा दोन क्लच एका रेषेत नाहीत. नवा बेल्ट लावला की पहिले तीस-चाळीस मैल नरमाईने चालवा, थेट रेसला नवा बेल्ट लावू नका. जादा बेल्ट आणि तो बदलायचं हत्यार स्लेडमध्ये कायम असू द्या, आणि बदलायची सवय घरी गॅरेजमध्ये करून घ्या कारण उणे वीसमध्ये हातमोजे काढून शिकता येत नाही.

रडार रनसाठी चेनकेसमधले (पट्ट्याला पॉवर देणारी साखळी असते तो डबा) दातेरी चक्र बदलून गिअरिंग उंच करता येतं. पण आधी बघा की आत्ताचा गिअर पूर्ण वापरला जातोय का. पट्टी १००० फुटांची आणि गिअरिंग १४० मैलांचं असं केलं तर सुरुवात मेल्यासारखी होते आणि शेवटाला काही मिळत नाही.

सस्पेन्शनमध्ये पुढचा लिमिटर स्ट्रॅप (सस्पेन्शन किती उघडेल ते अडवणारा बंद) थोडा आवळला की थ्रॉटल दिल्यावर स्की उचलल्या जात नाहीत. हवेत गेलेल्या स्कीने दिशा देता येत नाही आणि वेगही जातो. थोडंच आवळा, स्कीवर सगळं वजन आणलं की स्लेड वेगात डावी-उजवी झटके मारायला लागते.

७. बर्फ तपासा, दुसऱ्याच्या शब्दावर जाऊ नका

मिनेसोटाच्या डीएनआरचा (राज्याच्या नैसर्गिक संसाधन खात्याचा) सल्ला स्नोमोबाईलसाठी ५ ते ७ इंच, पण तोही नवा, पारदर्शक, घट्ट बर्फ असेल तरच. पांढरा बर्फ साधारण निम्म्याच ताकदीचा, तिथे जाडी दुप्पट धरायची. मी स्वतः वेगाच्या रनसाठी याच्या बरंच वर असल्याशिवाय जात नाही. हाताने फिरवायचा ऑगर (बर्फाचं गिरमिट) घेऊन भोक पाडा, पुढे जाऊन परत पाडा, तळ्याच्या एका कोपऱ्यात बारा इंच आणि शंभर पावलांवर चार इंच असं खरंच असतं. ओढा येऊन मिळतो ती जागा, दोन तळ्यांमधली चिंचोळी जागा, पुलाखाली, बंगल्यांनी हवेचे पंप लावलेले काठ, या जागा कायम टाळा.

मिल लॅक्ससारख्या मोठ्या तळ्यावर (मिनियापोलिसच्या उत्तरेला साधारण शंभर मैल) प्रेशर रिज होतात, बर्फाच्या दोन लाद्या एकमेकींवर चढून उंचवटा तयार होतो आणि शेजारी उघडं पाणी असू शकतं. काल नव्हता तो आज असतो. दुसरा धोका मासेमारीवाल्यांचा. बर्फावर उभी केलेली त्यांची छोटी घरं हलवल्यावर खाली गोठलेल्या लाद्या, लाकडाचे ठोकळे तसेच राहतात, वर हलका बर्फ पडला की दिसत नाहीत. १०० मैलांच्या वेगात तुम्ही सेकंदाला १४७ फूट जाता, तो ठोकळा दिसेपर्यंत तुम्ही त्याच्यावर असता. म्हणून पट्टी आधी हळू, पूर्ण लांबी, दोन्ही बाजूंनी चालवून बघा, आणि थांबायला जेवढी जागा लागेल असं वाटतं त्याच्या दुप्पट ठेवा. रात्री वेगाचा नाद नकोच, हेडलाइटचा उजेड तुमच्या वेगाला पुरत नाही.

८. कागदपत्रं आणि कायदा

सगळ्यात मोठा गैरसमज असा की तळं मोकळं आहे म्हणजे हवं तेवढं पळवा. मिनेसोटात तळ्यावरही ताशी ५० मैलांची मर्यादा आहे, विस्कॉन्सिनला रात्री ५५. म्हणजे वरचे सगळे आकडे फक्त परवानगी घेतलेल्या इव्हेंटमध्ये, बंद पट्टीवर.

जवळ काय काय हवं:

- स्लेडचं रजिस्ट्रेशन आणि नंबर, सेकंड हँड असेल तर सही केलेलं विक्रीपत्र. चेसिसवरचा व्हीआयएन (स्लेडचा ओळख क्रमांक) कागदाशी स्वतः जुळवून बघा.
- सेफ्टी सर्टिफिकेट. मिनेसोटात ३१ डिसेंबर १९७६ नंतर जन्मलेल्यांना, विस्कॉन्सिनला १ जानेवारी १९८५ किंवा नंतर जन्मलेल्यांना. कोर्स ऑनलाइन होतो, मुलांना वेगळे नियम.
- दुसऱ्या राज्याची स्लेड असेल तर ट्रेल पास, विस्कॉन्सिनचा पास वेगळा.
- ऑन्टॅरियोत ड्रायव्हिंग लायसन्स किंवा स्नोमोबाईलचं वेगळं लायसन्स, इन्शुरन्स सक्तीचा, आणि ओएफएससीच्या (तिथल्या स्नोमोबाईल क्लबांच्या महासंघाच्या) ट्रेलसाठी त्यांचं परमिट.
- रेससाठी संस्थेचं सभासदत्व किंवा लायसन्स, सही केलेला वेव्हर (जोखीम माझी, असं लिहून दिलेलं), ओळखपत्र, मेडिकल इन्शुरन्सचं कार्ड.

इन्शुरन्सचं नीट बघा. बहुतेक स्नोमोबाईल पॉलिसींत रेसिंगमध्ये झालेलं नुकसान धरत नाहीत. एजंटला थेट विचारा आणि उत्तर ईमेलवर घ्या.

आणि व्हिसावर असलेल्यांसाठी खास. तळ्यावर बिअर हातात घेऊन फिरणारे खूप दिसतील. मिनेसोटात दारू पिऊन स्लेड चालवली तर २०१८ पासून कार चालवायचा परवानाही जातो, आणि अशा अटकेमुळे व्हिसा रद्द झाल्याची उदाहरणं आहेत. घरी जाऊन हवी तेवढी घ्या, स्लेडवर एक थेंबही नको.

९. अंगावर काय घालायचं

हेल्मेट फुल फेस, डीओटी किंवा स्नेल मान्यतेचं, काच इलेक्ट्रिक गरम होणारी असेल तर उत्तम, नाहीतर श्वासाने धुकं धरतं. छाती-पाठीचं संरक्षक जॅकेट, बहुतेक रेसला ते सक्तीचं. किल स्विचची दोरी जॅकेटला अडकवलेलीच हवी, पडलात तर इंजिन बंद झालं पाहिजे. सूट पाण्यावर तरंगणारा घ्या आणि गळ्यात बर्फाचे टोचे अडकवा, पाण्यात पडलात तर काठाला रोवून वर यायला तेच कामाला येतात. शंभरच्या वेगात उघड्या कातडीला फार लवकर थंडीचा चटका (फ्रॉस्टबाइट) बसतो, गालावर आणि नाकावर टेप लावणारे रेसर दिसतील, ती सवय चांगली आहे. कॉटनचे कपडे आत अजिबात नकोत, घाम धरून ठेवतात.

१०. सेकंड हँड घेताना

सप्टेंबरच्या सुरुवातीला मिनेसोटात नॉर्थ ब्रांचला 'हे डेज' (Hay Days) नावाचं प्रदर्शन भरतं, गवतावरची ड्रॅग रेस आणि शेजारी जुन्या स्लेड, पार्टचा प्रचंड बाजार. खरेदीच्या आधी एकदा जाऊन याच, एका दिवसात चारही कंपन्यांच्या स्लेड आणि त्यांचे मालक भेटतात. डिसेंबरमध्ये बर्फ पडला की भाव चढतात, मार्च-एप्रिलला उतरतात.

स्लेड बघायला जाताना मालकाला आधीच सांगा की इंजिन थंड ठेव. गरम करून ठेवली असेल तर कोल्ड स्टार्ट कळत नाही. टॉर्च घेऊन टनेलच्या आत बघा, कूलरवर स्टडचे ओरखडे आहेत का, कूलंटचे डाग आहेत का. पट्टा हाताने पूर्ण फिरवा, स्टड उपटून पडलेली भोकं आणि फाटलेले दांडे मोजा, ट्रॅक बदलायचा खर्च मोठा असतो. ९९८ असेल तर सॉफ्टवेअर बदललंय का, कोणत्या पेट्रोलवर चालवलं, परत स्टॉक केलं का, हे सरळ विचारा, स्टॉक क्लासात उतरायचं असेल तर फारच महत्त्वाचं. टू-स्ट्रोक असेल तर कॉम्प्रेशन तुमच्यासमोर मोजून घ्या, दोन्ही सिलिंडरचे आकडे जवळजवळ सारखे हवेत. मालक मोजू देत नसेल तर स्लेड कितीही चकचकीत असली तरी पैसे खिशातच ठेवा आणि पुढची बघायला निघा.